‘इंज्युरी’ : एका शब्दाची व्युत्पत्ति

परवां आमच्या नातवानें विचारलें, “आजोबा, ‘इंज्युरी’ म्हणजे काय हो?” जन्मभर वर्गांत दिलेलें उत्तरच आम्हीं दिलें : इजा, दुखापत. तरीहि जुन्या खोडीप्रमाणें कोश उघडला, आणि आमचें उत्तर अपुरें असल्याचें आढळून आलें.

लॅटिन भाषेंत ‘यूस्’ म्हणजे न्याय, हक्क. त्यामागील ‘इन्’ हा आपल्या ‘अ’, ‘अन्’ यांचाच सगोत्र. तेव्हां ‘इनियूरिया’ म्हणजे अक्षरशः अन्याय! ‘यूस्’चें नातें वेदांतील कल्याणवाचक ‘योः’ या शब्दाशीं भाषाशास्त्रज्ञ जोडतात. रक्तामांसाशीं या शब्दाचा संबंध मागाहून जडला. आपल्याकडील ‘इजा’ अरबींतून आली, ‘जखम’ फारशींतून; ‘व्रण’ आणि ‘क्षत’ संस्कृत. यांपैकीं एकाच्याहि पोटांत न्यायाची गोष्ट नाहीं.

१८६० च्या दंडसंहितेनें ‘हर्ट’ म्हणजे शारीरिक वेदना, रोग वा दुर्बलता असें ठरविलें; आणि शरीर, मन, लौकिक वा मालमत्ता यांस बेकायदा पोंचविलेल्या हानीस ‘इंज्युरी’ म्हटलें. २०२४ पासून अमलांत आलेल्या न्यायसंहितेंतहि हा भेद कायम आहे.

आमच्या वर्धा जिल्ह्यांत या भेदाची साक्ष देणारें स्थळ आहे. सेवाग्राम आश्रमांत संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांची कुटी आहे. कुष्ठरोगानें ग्रासलेल्या शास्त्रीबुवांची शुश्रूषा महात्मा गांधी स्वहस्तें करीत. व्रण धुणें हा ‘हर्ट’वरील उपचार झाला, आश्रमांत आपल्याजवळ जागा देणें हा ‘इंज्युरी’वरील.

हें लिहितांना लेखणी अडखळते. आमच्या बालपणीं वाड्यांत एक दूरच्या आत्या होत्या. त्यांस हाच रोग. बोटें बधिर झालेलीं. चुलीचा चटका बसला तरी त्यांस कळत नसे. त्यांस कोणीं कधीं मारलें नाहीं, उपाशी ठेवलें नाहीं. तेल, पट्टी, औषध सर्व मिळे. मात्र बिऱ्हाड मागच्या पडवींत, आणि जेवणाची पत्रावळ काठीनें पुढें सरकवावयाची. तें काम आमच्याकडे असे. पत्रावळ सरकली कीं आत्या म्हणत, “जा बाळ, लांब जा.” आम्हीहि निमूटपणें जात असूं. भाजल्याचें त्यांस दुखत नसेल. काठीचें दुखत होतें कीं काय, हें कोणींहि विचारलें नाहीं.

नातवास आम्हीं वहींत ‘इजा’पुढें ‘अन्याय’ हा शब्द लिहावयास सांगितला. मूल पडलें कीं “कुठें लागलें?” असें आपण सर्वच घरांत विचारतों. ज्यास कुठेंहि लागलेलें दिसत नाहीं, त्यासहि तें एकदां विचारावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें.