सही करण्याआधी

पुण्यात माझ्या धाकट्या बहिणीने घरात नळाचा गॅस घेतला, तेव्हा फोनवर ती रोज एकच तक्रार करायची, "आपा, किती ही कटकट!" घर भाड्याचे असल्यामुळे मालकाचे पत्र हवे होते, सोसायटीची परवानगी हवी होती. मग माणसे येऊन स्वयंपाकघराची पाहणी करून गेली. पाइप बसला, मीटर बसला, शेगडीच्या अलीकडे बंद-चालू करायची कळ बसली. त्यानंतर पाइपात दाब भरून कुठे गळती आहे का ते तपासले. शेवटी शेगडीचे जेट बदलले. नळाने येणारा नैसर्गिक गॅस कमी दाबाने येतो आणि तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णताही सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी असते, म्हणून जेटचे छिद्र मोठे लागते. एवढे सगळे झाल्यावर गॅस सोडला.

मुंबईत महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस २००६ साली. त्याच २००६ साली या क्षेत्रासाठी नियामक मंडळाचा कायदाही झाला. म्हणजे बहिणीची ती कटकट कायद्यातून आलेली आहे.

आमच्या जालन्यातल्या मोहल्ल्यात अजून सिलिंडर आहे. सिलिंडरवाल्या घरांसाठीही दर ५ वर्षांनी तपासणी अनिवार्य आहे, हे फार जणांना माहीत नसते. गेल्या वर्षी तपासणीचा माणूस आमच्या गल्लीत आला. शेजारच्या खालांच्या दारात उभा राहून त्याने कागद पुढे केला, "इथे सही करा." खाला घरात एकट्या होत्या. मुलगा स्टीलच्या कारखान्यात पाळीवर गेलेला. अनोळखी पुरुषाला आत घेणे त्यांना अवघड वाटले आणि त्यालाही आत जायची फारशी इच्छा दिसली नाही. खालांनी उर्दूत सही केली, पैसे दिले, तो पुढच्या दाराकडे गेला. पाच मिनिटांत तीन घरांची तपासणी उरकली.

कागद मराठीत होता आणि खाला फक्त उर्दू वाचतात. संध्याकाळी त्या पावती घेऊन माझ्याकडे आल्या, "बाजी, यात काय लिहिलंय?" मी वाचून दाखवले. रेग्युलेटर ठीक, नळी ठीक, शेगडी ठीक, गळती नाही. खाला हसल्या आणि म्हणाल्या, "त्यानं माझी शेगडी पाहिली तरी कुठं?"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट ती नव्हती. गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी ग्राहकांचा विमा काढलेला असतो, त्यासाठी आपल्याला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपये, उपचारांसाठी माणशी २ लाखांपर्यंत, घराच्या नुकसानीसाठीही २ लाखांपर्यंत. मात्र घराच्या नुकसानीचा दावा नोंदलेल्या पत्त्यावरच मिळतो. खालांचे कनेक्शन दहा वर्षांपूर्वी वारलेल्या खालूंच्या नावावर होते आणि पत्ता जुन्या भाड्याच्या खोलीचा. उद्या काही झाले असते तर कागदावर सगळे 'ठीक' असते आणि तो कागद मागणाऱ्याचे नावच नोंदीत नसते.

आम्ही गल्लीतल्या बायकांनी एजन्सीत जाऊन एकच मागणी केली. रविवारी या, ओळखपत्र घालून या आणि आत या. रविवारी घरोघरी माणसे असतात. एकटीच्या घरी शेजारीण सोबत थांबेल, असेही ठरवून टाकले. दुसरा मेकॅनिक आला, चांगला निघाला. साबणाचे पाणी लावून सात घरांच्या जोडण्या त्याने पाहिल्या. तीन घरांतल्या नारिंगी नळ्यांची मुदत संपलेली होती. ही मुदत नळीवरच छापलेली असते. एका घरात सिलिंडर मोरीच्या बाजूला आणि शेगडी भिंतीच्या पलीकडे, मध्ये नळी भिंतीतून आरपार! भिंतीतल्या नळीला चीर पडली किंवा उंदराने कुरतडली, तरी कोणाला दिसणार? सिलिंडर शेगडीच्या खोलीतच हवा, उभा हवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर हवी. खालांच्या घरची नळी त्या तीनपैकी एक होती.

शाळेत मी मुलांना सिलिंडरवरची खूण वाचायला शिकवली. वरच्या कडीखालच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. बी-२७ असेल तर जून २०२७ पर्यंत त्या टाकीची चाचणी व्हायलाच हवी. मुदत उलटलेली टाकी दारातच परत करायची. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग आपापल्या घरची खूण वहीत लिहून घेऊन आला. मग आम्ही सुरक्षेच्या सूचनांचे एक पान उर्दूत आणि मराठीत तयार केले.

त्या पानावर सगळ्यात वर सहरीची सूचना आहे. रमजानमध्ये पहाटे चारला, अर्धवट झोपेत, रात्रभर बंद असलेल्या स्वयंपाकघरात पाऊल टाकताना आपला हात आधी दिव्याच्या बटणाकडे जातो. गॅसचा वास आला तर नेमके तेच करायचे नाही, कारण बटणातली बारीक ठिणगीही पुरते. बटण चालू करायचे नाही, आधीच चालू असेल तर बंदही करायचे नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकीबरोबर दारही उघडायचे. रेग्युलेटर बंद करायचा, सगळ्यांना बाहेर काढायचे आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा. हा नंबर रात्रीबेरात्रीही चालतो.

खालांचे कनेक्शन आता त्यांच्या नावावर आहे. मृत्यूचा दाखला, मुलांचे ना-हरकत पत्र, नव्या पत्त्याचा पुरावा, यासाठी चार चकरा झाल्या. घराचा उतारा मुलाच्या नावावर, वीजबिल खालूंच्या नावावर. त्यांच्या स्वतःच्या नावावर आलेला घरातला हा पहिला कागद. तो त्यांनी डब्यात ठेवला आहे, नळीच्या पावतीबरोबर.