डोळ्याचा पडदा

धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यातून परतलो. थेंबांनी दादाच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. ऊन सोसेना म्हणून त्याने डोळ्यांवर दुपट्टा ओढला. वहिनीने दिलेली किडनी त्याला मानवली, क्रिएटिनिन जागेवर, म्हणून आम्ही निर्धास्त. पण किडनी टिकवायला टॅक्रोलिमस हे औषध घ्यायचं, तर प्रतिकारशक्ती दबते. मग अंगात वर्षानुवर्षे निपचित पडलेला सायटोमेगॅलो विषाणू क्वचित डोकं वर काढतो आणि डोळ्याचा पडदा पोखरतो. दुखत नाही, डोळा बहुधा लालही होत नाही. काळे ठिपके तेवढे तरंगतात. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरने तो आवरतो, मेलेला पडदा मात्र परत येत नाही. दादाने ठिपके लगेच सांगितले, म्हणून वाचनापुरती नजर राहिली. प्रत्यारोपण झालेल्यांनो, ठिपके दिसले की पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लगोलग पडदा तपासून घ्या.