मांचा आणि गातो : दोन क्रिओलो घोड्यांची जीवनकथा

अर्जेंटिनाच्या अश्वपरंपरेत मांचा आणि गातो या दोन घोड्यांना जे मानाचे स्थान मिळाले, ते शर्यतीतील वेगामुळे किंवा देखण्या रूपामुळे नव्हे, तर केवळ त्यांच्या काटकपणामुळे. दोघेही क्रिओलो जातीचे होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी दक्षिण अमेरिकेत नेलेल्या घोड्यांपैकी काही मोकाट सुटले आणि पंपा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अफाट गवताळ मैदानांत थंडी, अवर्षण आणि उपासमार सोसत पिढ्यान्‌पिढ्या वाढले. त्यांच्या वंशजांना क्रिओलो म्हणतात. भीमथडीच्या तट्टाप्रमाणेच त्यांचा बांधा आटोपशीर आणि खुराक बेताचा असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय जातींशी संकर वाढल्याने ही जात मागे पडू लागली, तेव्हा पशुवैद्यक आणि अश्वपालक एमिलिओ सोलानेत यांनी पॅटागोनियातील तेउएल्चे जमातीच्या लिएम्पिचून या प्रमुखाकडून काही घोडे विकत घेतले आणि आयाकुचो येथील एल कार्दाल या आपल्या एस्तान्सियावर, म्हणजे गुराघोड्यांच्या विस्तीर्ण मळ्यावर, आणले. मांचा आणि गातो हे त्यांपैकीच होते.

एमे चिफेली या स्विस शिक्षकाने ब्यूनस आयरिसपासून न्यूयॉर्कपर्यंत घोड्यावरून जाण्याचा बेत सांगितला, तेव्हा अनेकांनी त्याला वेड्यात काढले; परंतु सोलानेत यांनी त्याला हे दोन घोडे दिले. दोघेही तोवर पंधरा वर्षांच्या आसपासचे, म्हणजे सामान्य समजुतीप्रमाणे उतारवयाकडे झुकलेले होते. जन्मभर घोड्यांत वावरलेला माणूस जनावराच्या वयापेक्षा ते कोणत्या रानात आणि कोणत्या हवेत वाढले हे आधी पाहतो, आणि सोलानेत यांची निवड याच कसोटीवर झालेली होती. राजधानीच्या तबेल्यात आणल्यावर या घोड्यांनी पुढ्यात टाकलेल्या ओटकडे आणि हिरव्या लसूणघासाकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि अंगाखाली पसरलेला वाळका पेंढाच आवडीने खाल्ला. खुराक एकाएकी बदलू नये, हा जाणत्यांचा पहिला सल्ला असतो. घोड्याला ओकारी करता येत नसल्याने न पचलेले अन्न पोटशूळाचे, म्हणजे त्याच्या जिवावर बेतणाऱ्या दुखण्याचे, कारण होऊ शकते.

स्वभावाने दोघे अगदी भिन्न होते. अबलख, म्हणजे अंगावर मोठे पांढरे डाग असलेला मांचा परक्या माणसाला जवळ येऊ देत नसे आणि चिफेलीखेरीज कोणालाही पाठीवर बसू देत नसे, त्यामुळे रात्रीच्या मुक्कामात तो पहारेकऱ्याचेही काम करी. फिकट तपकिरी रंगाचा गातो तुलनेने लवकर माणसाळला आणि मांचाची दांडगाई निमूटपणे सोसत राहिला. मात्र दलदल आणि रुतणारी वाळू यांची चाहूल त्यालाच आधी लागे. स्वाराने एकावर बसावे, दुसऱ्यावर सामान लादावे आणि ओझे आलटून पालटून द्यावे, अशी या प्रवासाची रीत होती. रात्री त्यांना बांधून ठेवावे लागत नसे, कारण मोकळे सोडले तरी ते मुक्कामापासून दूर जात नसत.

एप्रिल १९२५ मध्ये निघालेल्या या प्रवासात, सुमारे दहा हजार मैलांच्या वाटेवर, बोलिव्हियातील हाडे गोठवणारे घाट आणि पेरूच्या किनाऱ्यावरील निर्जल वाळवंट लागले. मेक्सिकोत पायाला जबर इजा झाल्याने गातोला रेल्वेने पुढे राजधानीत पाठवावे लागले. तेथे बरा होऊन तो पुन्हा वाटेला लागला, परंतु पुढे अमेरिकेतील मोटारींच्या वर्दळीमुळे त्याला सेंट लुईस येथे ठेवण्यात आले आणि शेवटचा टप्पा एकट्या मांचाने पूर्ण केला. १९२८ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्यावर घोड्यांच्या प्रदर्शनासाठी मुक्काम वाढला, आणि त्यामुळेच ज्या ‘व्हेस्ट्रिस’ जहाजाने परतायचे होते, ते चुकले. ते जहाज नोव्हेंबरमध्ये समुद्रात बुडाले.

परतल्यानंतर दोघांनाही पुन्हा कामाला जुंपण्यात आले नाही; एल कार्दालच्या कुरणात त्यांनी उरलेले आयुष्य मोकळेपणाने घालवले. गातो १९४४ मध्ये आणि मांचा १९४७ मध्ये गेला, म्हणजे दोघेही पस्तिशीच्या आसपास किंवा त्याही पुढे जगले, आणि घोड्याच्या बाबतीत हे वय दुर्मीळच म्हणावे लागेल. पेंढा भरून जतन केलेली त्यांची शरीरे लुहान येथील संग्रहालयात आहेत, आणि अर्जेंटिनात २० सप्टेंबर हा प्रवासपूर्तीचा दिवस कायद्याने राष्ट्रीय अश्वदिन म्हणून पाळला जातो. तथापि अश्वपालकांच्या दृष्टीने या कथेतील सर्वांत मोलाची गोष्ट विक्रमाहून साधी आहे: वाट कोठे दगा देणारी आहे हे घोड्याला स्वाराआधी कळू शकते, म्हणून जाणता स्वार टाच मारण्यापूर्वी घोडा का थबकला याचा विचार करतो.