गाडीची चाल

स्पोर्ट्‌स कार म्हटली की ती बुटकी, जमिनीला पोट टेकणारी आणि दगडासारखी कडक असणारच, अशी सर्वत्र समजूत आहे. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर आदळत कॉलेजला येणाऱ्या कला शाखेच्या मुलीला या विषयात पडण्याचे कारण काय, असे कुणी विचारील. कारण आहे माझा मामा, त्याची कंबर, आणि त्याच्या मुलाची, म्हणजे आमच्या दादाची, जुनी माझ्दा एम्‌एक्स-५.

मामा इंग्लंडात शेफील्डला असतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी तिथे होते. ही दोनच माणसांची, उघड्या टपाची गाडी माझ्दाने १९८९ साली आणली. १९६२ च्या लोटस एलानचा आदर्श समोर ठेवून. वजन ९५० किलोच्या आसपास, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. दादाची गाडी तीस वर्षांची. आधीच्या मालकाने तिला ऐटदार दिसावे म्हणून आखूड आणि ताठ स्प्रिंगा घातल्या होत्या, शॉकअप मात्र जुनेच ठेवले होते. शेफील्डहून मँचेस्टरकडे जाणारा स्नेक पास हा १८२१ सालचा घाटरस्ता आहे. त्याच्या वळणांवर एखादा खड्डा आला की गाडी टुणकन बाजूला सरकायची. मणक्याची शस्त्रक्रिया झालेला मामा तीत एकदाच बसला. पुढे दादाने किल्ली हातात घेतली की तो म्हणायचा, “तुम्ही पोरं जाऊन या.” दादाला गाडी शिकवली होती मामानेच. ही गाडी त्याने कुणासाठी घेतली होती हे घरात सर्वांना ठाऊक होते. बोलत कुणी नव्हते.

मग रोज रात्री जेवणानंतर दादा कागद-पेन्सिल घेऊन बसू लागला. पैसे मोजके. पहिल्या यादीत उंची कमीजास्त करता येणारा, शर्यतीच्या गाड्यांसारखा अख्खा संच होता. “याने गाडी रुळावरून चालल्यासारखी वळते,” तो म्हणाला. मी विचारले, “पण दादा, शर्यतीच्या रस्त्याला खड्डे असतात का?” तो जरा वेळ पेन्सिल चावत राहिला.

खरी गोम इथे आहे. गाडी वळते, थांबते ती टायर रस्त्याला टेकलेला असतो म्हणून. स्प्रिंग वाजवीपेक्षा ताठ असली तर खड्ड्याच्या कडेवर चाक उडते, आणि हवेत असलेले चाक काय वळवणार? स्प्रिंगेचे काम धक्का पोटात घेण्याचे. घेतलेला धक्का जिरवण्याचे काम शॉकअपचे. त्यातले तेल बारीक भोकांतून रेटले जाते आणि हिसक्याची उष्णता होऊन जाते. ताठ स्प्रिंगेला थकलेला शॉकअप म्हणजे तापट माणसाला भित्रा कारकून. त्यात या गाडीच्या चाकांना वरखाली व्हायला मुळातच जागा थोडी. गाडी आणखी खाली आणली की लहानशा उंचवट्यालाही ती आतल्या रबरी ठोकळ्यावर आपटते, आणि मग स्प्रिंग असून नसल्यासारखीच. मामाच्या कमरेला बसणारा दणका आणि वळणावरची ती उडी, दोन्हींचे मूळ एकच होते. आराम हवा की पकड, हे भांडण निदान या गाडीपुरते खोटे होते. लोटसच्या कॉलिन चॅपमनने एलानला मऊ स्प्रिंगाच दिल्या होत्या, आणि वळणावर तिची बरोबरी करणाऱ्या गाड्या थोड्या.

पहिला इलाज फुकटात झाला. टायरात हवा पस्तीस पौंड होती. कंपनीने सांगितलेली २६. तेवढी उतरवली आणि गाडीचा निम्मा कडकपणा गेल्यासारखे वाटले. नंतर दादाने मूळ उंचीच्या, मूळच्याच ताठपणाच्या स्प्रिंगा शोधल्या. बचतीतला मोठा वाटा कोनीच्या नव्या शॉकअपवर गेला. त्यांचा परतीचा जोर वरची खुंटी फिरवून कमीजास्त करता येतो. भेगाळलेले बुश बदलताना प्लॅस्टिकसारखे कडक घ्यावेत असा एका मित्राचा आग्रह होता. त्यांनी चाक नेमके राहते खरे, पण रस्त्याची कुरकुर थेट पाठीत येते, म्हणून साधे रबरीच घेतले. जाड अँटिरोल बार यादीतून गेला. तो गाडीला कलू देत नाही, पण डाव्या चाकाचा धक्का उजव्यालाही पोचवतो. हे सारे बसवायला दोन शनिवार-रविवार लागले. मी पाने पुसून देत होते आणि मामी चहा. शेवटी व्हील अलाइनमेंट. ते राहिले असते तर सारा खर्च पाण्यात.

गाडीत जागा दोघांचीच, त्यामुळे त्या रविवारी आम्ही घरी राहिलो. मामा कमरेला उशी घेऊन, कपाळाला आठी घालून बसला. तासाभरात येतो म्हणून गेलेली माणसे अडीच तासांनी परतली. मामीचा जीव टांगणीला. गाडी फाटकात शिरली तेव्हा चक्रावर मामा होता, आणि उशी दादाच्या मांडीवर.

उतरता उतरता मामा म्हणाला, “मागचे शॉकअप अजून थोडे सैल कर रे. त्या पुलाजवळ जरा टोचतं.”

दादाने काही न बोलता डिकी उघडली.