झिरो माइलचं म्हणणं

झिरो माइलचा खांब फार कमी बोलतो. वालुकाश्माचा, सहा बाजूंचा, अंगावर आठ गावांची नावं आणि मैलांचे आकडे. शेजारी एक ठेंगणा दगड, जीटीएस स्टँडर्ड बेंच मार्क, साल 1907. शंभराहून जास्त वर्षं तो एवढंच सांगत उभा आहे. आणि आम्ही नागपूरकर त्याच्या तोंडी घालतो ते वेगळंच: इंग्रजांनी अख्खा हिंदुस्थान मोजला, त्याचा मध्य बरोबर इथे निघाला, म्हणून इथे खांब रोवला.

मनीषनगरात ही गोष्ट घरोघरी आहे. इथली बरीच वस्ती बाहेरून आलेली, कुणी अमरावतीहून, कुणी भंडाऱ्याहून, कुणी छिंदवाड्याहून. एके काळी रेल्वेच्या फाटकावर ताटकळणारा हा भाग आता पुलावरून आणि भुयारी रस्त्याने ये-जा करतो, उंच इमारतींनी भरून गेला आहे. नव्या गावात रुजायचं तर माणसाला त्या गावाचा काहीतरी अभिमान लागतो, आणि ‘आपण देशाच्या मधोमध राहतो’ हे वाक्य आयतं मिळतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की दीक्षाभूमी, फुटाळा आणि मग झिरो माइल हा क्रम ठरलेला. उज्ज्वलनगरला मेट्रोत बसायचं आणि झिरो माइल फ्रीडम पार्कला उतरायचं. चार घोड्यांसमोर फोटो, फोटोखाली ओळ, ‘भारताचा केंद्रबिंदू’. ते घोडे मुळातले नाहीत, मागाहून बसवलेले आहेत. पण गोष्टीला घोडे शोभतात, म्हणून तेही इंग्रजांच्याच खात्यात जमा होतात.

माझं म्हणणं साधं आहे. फोटो काढण्याआधी खांब वाचावा.

त्यावरची नावं पाहा. कवर्धा, हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल. दिल्लीचं नाव नाही. कलकत्ता त्या वेळची राजधानी, तिचंही नाही. काश्मीर नाही, कन्याकुमारी नाही. देशाचा मध्य दाखवायला उभा केलेला खांब देशाच्या टोकांची अंतरं सांगणार नाही, हे पटतं का? हैदराबाद सोडलं तर ही सगळी गावं तेव्हाच्या मध्य प्रांतातली, कवर्धा त्याच प्रांताच्या छत्राखालचं संस्थान. नागपूर 1861 पासून त्या प्रांताची राजधानी होतं. हा खांब आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं घेतो. राजधानीच्या माणसाने घ्यावीत तशी. मला तर वाटतं, ‘मध्य प्रांत’ या नावातला ‘मध्य’च हळूहळू सरकत देशाचा मध्य झाला असावा.

आता साल पाहा. 1907 मध्ये हिंदुस्थानच्या सरकारी नकाशात ब्रह्मदेश होता. तो 1937 मध्ये वेगळा झाला. पश्चिमेला बलुचिस्तान होतं, ते 1947 च्या फाळणीत गेलं. पूर्व बंगालही गेला. सरहद्दी इतक्या बदलल्या आणि मध्य मात्र सिताबर्डीच्या टेकडीच्या पायथ्याशी जागचा हलला नाही, हे कसं होईल? शिवाय वेड्यावाकड्या आकाराचा मध्य काढायच्या रीतीही अनेक आहेत. अंदमान-लक्षद्वीप धरायचे की सोडायचे, टोकांमधली अंतरं निम्मी करायची की आकाराचा तोल साधतो तो बिंदू शोधायचा, यावर उत्तर बदलतं. आजच्या भारताचा मध्य म्हणून मध्य प्रदेशात, कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावी स्मारक उभं आहे. तिथले लोकही पाहुण्यांना ते तितक्याच अभिमानाने दाखवतात.

एकदा मेट्रो स्टेशनखालच्या ऑटोवाल्याला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘सेंटर नाही म्हणता, मंग इंग्रजांनी एवढा खांब गाडला काहून, भाऊ?’

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर खऱ्या अर्थाने थोर आहे. हा खांब लांबी-रुंदीपेक्षा उंचीचा साक्षीदार आहे. त्याच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट. त्या तीन दशांश स्थळांपाशी थोडं थांबा. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. समुद्र शेकडो मैल लांब आणि हिशेब नखाच्या जाडीइतका.

तो कसा जमवला? आधी समुद्राची पातळी ठरवायची. समुद्र रोज चढतो, रोज उतरतो, म्हणून बंदरांत वर्षानुवर्षं भरती-ओहोटीच्या नोंदी घ्यायच्या आणि सरासरी काढायची. 1909 मध्ये देशभरातल्या उंचींचं जाळं पहिल्यांदा जुळवलं, तेव्हा कराची, मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांची सरासरी पाया धरली होती. मग किनाऱ्यावरून आत चालायला लागायचं. एक दुर्बीण पाणसळीने समतल करायची. मागे एक माणूस आकडे कोरलेली पट्टी उभी धरून, पुढे दुसरा तशीच पट्टी धरून. दुर्बिणीतून मागचा आकडा वाचायचा, पुढचा वाचायचा. दोन्हींतला फरक हा त्या टप्प्याचा चढ-उतार. मग सगळं उचलायचं, पुढे जायचं, पुन्हा समतल, पुन्हा दोन आकडे. ऊन तापलं की हवा थरथरते आणि पट्टीवरचे आकडे नाचतात. पट्टी जराशी कलली तरी आकडा वाढतो. अशा असंख्य टप्प्यांची बेरीज करत नागपूर गाठलं आणि जिथे ती बेरीज पक्की झाली तिथे कायमची खूण ठेवली. बेंचमार्क म्हणजे हेच. पुढे कुणाला रेल्वेचा चढ आखायचा असो, कालव्याचा उतार ठरवायचा असो, त्याने समुद्रापर्यंत परत जायचं कारण नाही. इथून मोजणी सुरू करावी.

अजनी किंवा खापरी स्टेशनावरची पिवळी पाटी पाहा. गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मनीषनगरच्या कुशीतून रोज धडधडत जाणाऱ्या गाड्या असल्याच मोजणीवर आखलेल्या रुळांवरून धावतात. आपल्या रोजच्या आयुष्याशी या खांबाचं नातं आहे ते इथे.

आणि जीटीएस या तीन अक्षरांमागे केवढा इतिहास आहे! ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे 1802 मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा मोजून सुरू झाला. विल्यम लॅम्बटन अर्ध्या टनाचं थिओडोलाइट घेऊन दक्षिणेतून त्रिकोणामागून त्रिकोण मोजत उत्तरेकडे सरकत होता. हैदराबादहून नागपूरकडे निघाला असताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यामागे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. हे नाव सगळ्यांना ठाऊक. मात्र ‘एव्हरेस्टने ते शिखर शोधलं’ ही समजूत चुकीची आहे. त्या शिखराच्या उंचीचं गणित राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने 1852 मध्ये मांडलं, तेव्हा एव्हरेस्ट निवृत्त होऊन इंग्लंडला गेलेला होता. जंगलातल्या तापाने गेलेल्या निशाणवाल्यांची आणि खलाशांची नावं तर कुठेच कोरलेली नाहीत. पाहुण्यांना सांगायला एवढं असताना आपण एक न घडलेली गोष्ट सांगतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण रचलेली गोष्ट खऱ्या गोष्टीची जागा खाते. या खांबाच्या आसपासच त्याचे पुरावे आहेत. मागच्या टेकडीवर सिताबर्डीचा किल्ला. तिथे 1923 च्या उन्हाळ्यात गांधीजींना कैदेत ठेवलं होतं, असं सांगितलं जातं. पण मार्च 1922 मध्ये शिक्षा झाल्यापासून ते येरवड्याच्या तुरुंगात होते. जानेवारी 1924 मध्ये ससून रुग्णालयात त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि फेब्रुवारीत सुटका. 1923 ची त्यांची तुरुंगातली रोजनिशी येरवड्याची आहे. त्या उन्हाळ्यात नागपुरात जे खरोखर घडलं तो झेंडा सत्याग्रह. चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्या स्वयंसेवकांना अटका झाल्या, जमनालाल बजाज तुरुंगात गेले, पुढची धुरा घ्यायला वल्लभभाई पटेल नागपूरला आले. गावोगावच्या साध्या माणसांनी तुरुंग भरले. ती हकीकत किती मनीषनगरकरांना माहीत आहे?

आणि खांबापासून हाकेच्या अंतरावर गोवारी शहीद स्मारक आहे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी विधिमंडळाच्या अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 गोवारी बांधव मरण पावले. त्यात बायका आणि लेकरं होती. घोड्यांसमोर फोटो काढून परतणाऱ्या किती जणांची पावलं तिकडे वळतात?

नागपूर मध्यवर्ती नाही, असं मी म्हणत नाही. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा महामार्ग आणि पूर्व-पश्चिम महामार्ग इथे एकमेकांना भेटतात, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रेल्वेही इथेच. हे मध्यवर्तीपण वापरातलं आहे, डोळ्यांनी दिसणारं आहे. त्याला खांबाच्या खोट्या साक्षीची गरज नाही. जो फुटाचा हजारावा भाग सोडत नाही, त्याला अंदाजपंचे गोष्टीत गोवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मनीषनगरातल्या शाळांना आणि आई-वडिलांना माझी विनंती आहे. मुलांना झिरो माइलला जरूर न्या. आठही नावं त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि ‘देशाचा मध्य’ हे शब्द खांबावर कुठे आहेत ते त्यांनाच शोधू द्या. मग एखाद्या रविवारी वर्धा रोडला लागा. बुटीबोरी, पुढे जाम, तिथून सरळ हिंगणघाट. लॅम्बटनची कबर तिथे आहे.