गोऱ्ह्याचा नकार

दोन दाती गोऱ्ह्याला वेसण घालायची तर चार माणसं लागतात. एक शिंगांना, एक मानेला, एक मागच्या अंगाला, आणि चौथा दाभण हातात घेऊन समोर. नाकपुड्यांच्या मधल्या पडद्याला पुढं एक पातळ जागा असते. ती अंगठ्यानं आणि बोटानं चाचपून तिथंच दाभण पार करायची. थोडी वर गेली तर कूर्चा फाटते आणि जखम चिघळते. जाणता माणूस असला तर काम क्षणात होतं. दोर ओवला, गाठ मारली, हळद-तेल लावलं आणि गोऱ्हा सोडला. पुढं जखम सुकेपर्यंत त्या दोराला कुणी हात लावायचा नाही, असा आमच्या घरचा दंडक होता. कासरा त्यानंतर.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याच्या धानाच्या बांध्यांत वाढलो, त्यामुळं हे दृश्य मला लहानपणापासून ओळखीचं आहे. जनावराला प्रेमानं शिकवा, जबरदस्ती नको, असं कुणी म्हणालं की माझ्या मनात पहिल्यांदा येतो तो हा नाकातला दोर. आपल्या कायद्यालाही तो चुकवता आला नाही. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11व्या कलमात क्रूरतेची लांबलचक यादी आहे, आणि त्याच कलमाच्या शेवटी काही गोष्टी त्या यादीतून वगळल्या आहेत: शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं आणि वेसण घालणं, विहित पद्धतीनं केलं असेल तर. देशाची शेती बैलाच्या खांद्यावर उभी असताना वेसणीला गुन्हा ठरवणं शक्य नव्हतं. मला यात ढोंग दिसत नाही. जनावराकडून काम घ्यायचं म्हणजे कुठंतरी त्याच्या इच्छेवर आपली इच्छा लादायची, हे त्या अपवादानं निदान उघड कबूल केलं आहे. खरा वाद सुरू होतो तो ही कबुली दिल्यानंतर.

घोड्यांच्या जगात हा वाद फार जोरात चालतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुरांच्या कुरणांवर पूर्वी घोडा मोडून काढायची रीत होती. बांधायचा, पाठीवर बसायचं आणि तो थकून हार मानेपर्यंत उतरायचं नाही. टॉम डॉरन्स, रे हंट अशा जाणत्या माणसांनी ती नाकारली आणि घोड्याच्या अंगाची भाषा ओळखून शिकवायला सुरुवात केली. पुढं त्याला ‘नॅचरल हॉर्समनशिप’ हे नाव मिळालं. माँटी रॉबर्ट्‌स या प्रशिक्षकानं 1989 साली विंडसरला राणी एलिझाबेथसमोर आपली पद्धत दाखवली आणि तो जगभर पोचला. पद्धत अशी: घोड्याला गोल कुंपणात मोकळा सोडायचा, नजर रोखून आणि दोर फेकून त्याला कुंपणाच्या कडेनं पळवायचं. पळता पळता त्याचा आतला कान माणसाकडं वळतो, मान खाली येते, तो ओठ चाटू लागतो. त्या वेळी माणसानं नजर काढून घ्यायची आणि पाठ फिरवायची. घोडा थांबतो, चालत येतो आणि खांद्याशी उभा राहतो. चाबूक नाही, लगाम नाही. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

पण टीकाकार विचारतात की त्या कुंपणाला दार होतं का? घोड्याला जायला दुसरी जागाच नव्हती. पळत राहिला तर हा माणूस मागं लागतो, जवळ आला तर सोडतो. मग तो जवळ येईल नाही तर काय करेल? 2012च्या सुमारास सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाच्या जागी रिमोटवर चालणारी एक छोटी गाडी ठेवून हाच प्रयोग केला. घोडे त्या गाडीच्याही मागं चालू लागले. म्हणजे ज्याला आपण घोड्यानं माणसावर टाकलेला विश्वास समजत होतो, त्यातला बराचसा भाग त्रास कुठं थांबतो हे त्यानं हुडकल्याचा होता. मानसशास्त्र याला ऋण प्रबलन म्हणतं: नकोसं काही लावायचं आणि हवं ते घडताच ते काढून घ्यायचं.

हे वाचलं तेव्हा मला आमचे मोठे बाबा आठवले. धानाची चुरणी आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या की ते गोऱ्हे वळणाला धरायचे. नवा गोऱ्हा एकटा कधीच नाही. जुवाच्या दुसऱ्या बाजूला आमचा म्हातारा बैल, ज्याला रस्ते आणि आवाज सगळे पाठ होते. मागं एक ओंडका बांधलेला. गोऱ्हा उभाच राहायचा. मोठे बाबा कासऱ्याला हिसका देत नसत, ताण मात्र सोडत नसत. म्हातारा बैल हलायचा, जू तिरपं व्हायचं, गोऱ्ह्याचे डोळे पांढरे व्हायचे. मग त्याचा पुढचा एक खूर उचलला जायचा. पाऊल पडलेलंही नसायचं, नुसता खूर, आणि त्याच क्षणी कासरा ढिला. जिभेनं टकटक करत मोठे बाबा गळकंबळ खाजवायचे. “त्यानं जवाब देल्ला ना, मंग आता आपुन गप राहाव,” असं ते मला म्हणायचे.

डॉरन्सचं नाव त्यांनी ऐकलेलं असणं शक्य नव्हतं, तरी दोघांची रीत एकच. दाब असायचा. पण जनावराचं उत्तर येताच तो सुटायचा, आणि उत्तर ओळखायला त्यांचा डोळा तयार होता. हाताची सगळी नीती मला त्या सुटण्याच्या क्षणात दिसते. कासरा तोच, वेसण तीच. एक क्षण उशीर झाला तर गोऱ्हा शिकतो की चाललं तरी ओढतात, न चाललं तरी ओढतात. मग चालायचं कशाला?

परिसरात दुसऱ्या रीतीचेही लोक होते. एका शेतकऱ्याचं नाव व्हायचं की तो बैलाला काठीचा स्पर्श न करता वळणावर आणतो. ते खरंही होतं. तो नवा गोऱ्हा उन्हात आखूड दाव्यावर बांधायचा, चारापाणी मोजकं करायचा, कळपापासून तोडायचा. दोन-तीन दिवसांनी स्वतःच्या हातानं पेंढी आणि पाणी घेऊन जायचा. गोऱ्हा त्याच्यामागं चालू लागायचा, आणि लोक म्हणायचे, पाहा, किती लळा लागला! त्याच्या बैलांच्या अंगावर वळ नव्हते. पण ते कशाकडंही वळून पाहत नसत, कान हलवत नसत, माशा बसल्या तरी कातडी थरथरवत नसत. 1967 साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ज्या कुत्र्यांना विजेचा धक्का कशानंही चुकवता आला नव्हता, त्यांतले बरेचसे पुढं नुसता एक अडसर ओलांडून सुटता येत असतानाही पडून राहिले. सुटकेचा प्रयत्न करणंच त्यांनी सोडून दिलं होतं. ‘फार शांत बैल आहे’ अशी बाजारात तारीफ ऐकली की मी आता त्याच्या कानांकडं पाहतो.

म्हणून काठी वापरली की नाही, ही कसोटी मला पुरेशी वाटत नाही. जनावराला नाही म्हणता येतं का, आणि नाही म्हटलं तर ते कुणी ऐकतं का, हे मी पाहतो. घोडा मागं सरतो, शेपूट झाडतो, उधळतो. बैलाकडं फार सरळ उत्तर आहे: तो बसतो. ऐन रोवणीत, चिखलात, जुवासकट बसतो. अशा बैलाला आमच्याकडं गऱ्यार म्हणून हिणवतात आणि त्याची शेपटी पिरगाळतात, आर टोचतात, त्याहून वाईटही करतात. बसलेला बैल बहुतेक वेळा काहीतरी सांगत असतो. त्याला खांदेसूज असते, खुरात फट असते, जोडीदार उंच असल्यामुळं सगळा भार त्याच्याच मानेवर आलेला असतो, किंवा ऊन असतं. ओझ्याच्या जनावरांसाठीचे 1965चे नियम सांगतात की 37 अंशांहून जास्त तापमान असताना दुपारी बारा ते तीन या वेळात त्यांना जुंपू नये. गोंदियाच्या मे महिन्यात हा आकडा दुपारच्या कितीतरी आधीच मागं पडतो. नियम करणाऱ्यांनी थर्मामीटर पाहिला. बैल तेच बसून सांगतो.

कुणी म्हणेल, बैलाचं प्रत्येक नाही ऐकत बसलो तर रोवणी कधी व्हायची? प्रश्न रास्त आहे, आणि तो शहरातल्या प्राणिप्रेमानं टाळलेला मला आवडत नाही. नकार ऐकणं म्हणजे कामातून कायमची सुट्टी देणं नव्हे. थांबायचं, जू काढायचं, खांद्यावरून हात फिरवायचा, खूर उचलून बघायचा, आणि कारण सापडलं तर त्या दिवशी दुसरी जोडी जुंपायची. दोन बैलांच्या धन्याकडं दुसरी जोडी नसते, हेही मला ठाऊक आहे. त्याच्या अडचणीला मी क्रूरता म्हणणार नाही. पण अडचण नसतानाही जिथं जनावराचा नकार ऐकून घ्यायचा नाही असंच ठरलेलं असतं, तिथं मी गप्प बसू शकत नाही.

तशी जागा म्हणजे शंकरपट, आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. थंडी सुरू झाली की भंडारा-गोंदियाच्या गावोगावी पट भरतात. दिवसा जोड्या पळतात, रात्री झाडीपट्टीतलं नाटक. माहेरवाशिणी येतात, सोयरिकी जुळतात. पटाच्या बैलाला घरात पोरापेक्षा जास्त जपतात. दूध, अंडी, उडीद, अंगाला मालिश. त्याला नांगराला जुंपत नाहीत. हे प्रेम खोटं नाही, मी ते जवळून पाहिलं आहे. पण जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हातातली तुतारी आणि तिच्या टोकाची आर हीदेखील मी जवळून पाहिली आहे.

केंद्र सरकारनं 2011 साली बैलाला खेळासाठी प्रशिक्षण देण्यास आणि प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. त्या निकालातलं एक म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं: बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, तो शर्यतीत पळतो तो भयानं आणि वेदनेनं. पुढं महाराष्ट्रानं 2017मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना मनाई आहे.

म्हणजे पटाच्या मैदानावरून, निदान कागदोपत्री, काठी गेली. तरी बैल पळतातच. का पळतात? कारण आर कशी लागते हे त्यांना महिनोन्‌महिने आधी, गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत शिकवलेलं असतं. पटाच्या दिवशी धुरकऱ्यानं नुसता हात उचलला तरी पुरतो. ते गोल कुंपणही असंच आहे. पाहायला येतो आपण शेवटचा गोड भाग, आणि भीती कधी घातली गेली ते पाहायला कुणी नसतं. सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या दिवसांत, ढोलाच्या तालावर नाचणारे घोडे पाहताना मला हेच वाटत आलं आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफननं घोड्यांवर लिहिताना म्हटलं होतं की बळजबरीनं करून घेतलेल्या चालीला डौल येत नाही, चाबकानं नाचवलेल्या नर्तकाला येत नाही तसा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. वर्षभर मार आणि एक दिवस पुरणपोळी, असं म्हणून त्याची टर उडवणारे मला पटत नाहीत. खांदा शेकताना हात घट्ट्यावरून फिरतो, आणि आपण या जनावराकडून काय घेतलं ते बोटांना कळतं. हे कळणं उरलं असेल तर पुढची वाट आहे. ट्रॅक्टर आल्यापासून मात्र गोऱ्हे वळणाला धरणारी माणसं कमी होत चालली आहेत. उरलेले बैल बरेचसे पटासाठी, आणि त्यांना शिकवणाऱ्या पोरांना मोठ्या बाबांसारखा कासरा ढिला सोडायचा क्षण दाखवायला कुणी नाही. मोबाइलवर पळणाऱ्या जोड्या दिसतात. कासरा कधी सुटला ते त्यात दिसत नाही.

पट बंद करा असं मी म्हणत नाही. त्यासाठी मला माझ्या माणसांच्या तोंडासमोर उभं राहून ते म्हणता आलं पाहिजे, आणि अजून ते मला पटलेलं नाही. पण दोन गोष्टी मी आयोजकांपुढं मांडत असतो. एक, बैलाची तपासणी पटाच्या सकाळी मैदानावर नको. पशुवैद्यकानं ती आधीच्या महिन्यात, न सांगता, गोठ्यात जाऊन करावी. नाक, पुठ्ठे, शेपटीचं मूळ पाहावं. जुनी आर कातडीवर ओळखू येते. दुसरी, जोडी मधेच थांबली किंवा बसली तर तिला हाकलायचं नाही. तिथंच जू काढायचं, आणि मालकाची प्रवेश फी परत द्यायची, म्हणजे थांबलेल्या बैलाचा राग त्याच्यावर घरी निघणार नाही.

मागच्या हिवाळ्यात एका जुन्या धुरकऱ्यानं मला यावर विचारलं, “मंग बैल मुद्दाम थांबन शिकतीन, त काय करसान?”

मी म्हणालो, “शिकू द्या.”