सीधे आदमी

माझी कोणी निंदा केली असती तर दोन दिवस धुमसलो असतो आणि विसरून गेलो असतो. पण माझं कौतुक झालं, तेही टावर चौकात, ऐन संध्याकाळी, मी पाठमोरा उभा असताना. ते काही अजून पचत नाही.

ज्यांनी उज्जैन फक्त महाकाळेश्वरापुरतं पाहिलंय त्यांनी ओव्हरब्रिज ओलांडून कधीतरी फ्रीगंजात यावं. मधोमध घड्याळाचा टावर आणि दिवेलागणीपासून त्याच्या भोवती खाण्याच्या गाड्या. आमच्यासारखी शिंदेशाहीत इकडे आलेली मराठी घरं उज्जैनात बरीच आहेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भांडताना दोन्हीची खिचडी, असा आमचा कारभार. मी एका बँकेत कर्जखात्यात होतो, त्यातही बरीच वर्षं वसुलीत. निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला. एवढी ओळख पुरे.

श्रावणातला सोमवार होता. महाकाळाची सवारी जुन्या शहरात, त्यामुळे अर्धं गाव तिकडे. माझा उपास, म्हणून साबुदाण्याच्या खिचडीच्या गाडीपाशी उभा होतो. आमच्याकडे खिचडीवर फरियाली चिवडा भुरभुरून वर लिंबू पिळतात. पुण्याच्या पाहुण्यांना ते पाहवत नाही, पण ते असो. माझ्या पाठीमागे एक बाप आणि त्याचा तरुण मुलगा बोलत होते. मुलाला दुकानासाठी कर्ज हवं होतं आणि बँकेवाले फार छळतात म्हणून तो कुरकुरत होता. बाप म्हणाला, "हमारे टाइम में एक मराठी साहब आते थे वसूली को. मोटा चश्मा, बगल में फाइल. बड़े सीधे आदमी थे. जीप दिखी कि हम दादी को आगे कर देते. वो ज़रा रो देती, साहब चाय पीते और तारीख देके चले जाते."

मुलगा हसला. बापही हसला, पण मायेनं. "अब ऐसे लोग कहाँ," असंही म्हणाला.

आवाज ओळखला मी. इथल्याच भैरूगढचा छपाईवाला. भैरूगढचं बाटिक तुम्ही पाहिलं असेल. कापडावर वितळलेल्या मेणानं नक्षी काढायची, मग रंगात बुडवायचं, मग उकळत्या पाण्यात मेण उतरवायचं. त्याच्या बापाच्या नावावर आमचं कर्ज होतं आणि ते थकलं होतं. त्या घरी मी गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण तो प्रसंग मी आयुष्यभर सांगत आलोय. घरी सांगितलाय, शाखेत नवीन पोरं आली की त्यांना सांगितलाय. अंगणात मेणाची कढई, धूर, वास. मी बसलो नाही. फाइल उघडली, थकबाकीचा आकडा मोठ्यानं वाचला आणि म्हणालो, अमुक तारखेपर्यंत हप्ता आला नाही तर जप्तीचे कागद निघतील. म्हातारी थरथरायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आवाज चढवला नाही, चढवायची गरजच पडली नाही. "धाक आवाजात नसतो, कागदात असतो," हे वाक्य मी या गोष्टीच्या शेवटी जोडत असे.

आणि आता कळतंय की म्हातारीला पुढे केलं होतं. जीप वळणावर दिसली तेव्हाच आतून निरोप गेला असणार, दादी, चल. बरं, मी बसलो नाही असं मी सांगतो, तर चहा कुठे प्यायलो? उभ्या उभ्या? चहा मला आठवतच नाही. पण तो माणूस खोटं कशाला बोलेल? मी तिथे उभा आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. आता वाटतं, प्यायलोच असणार. धुरानं घसा बसला होता, एवढं आठवतं.

मी मागे वळून पाहिलं नाही. काय म्हणणार होतो? की मी सीधा नव्हतो?

घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं, ती हसेल किंवा त्या माणसाला दोन शब्द सुनावेल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग? त्यात नवीन काय?" या एका वाक्यानं छपाईवाल्यापेक्षा जास्त काम केलं. म्हणजे भैरूगढला माहीत, घरात माहीत, बहुधा टावरच्या चारी बाजूंना माहीत, आणि ज्याच्याबद्दल आहे तो एकटाच अंधारात. "अहो, गल्लीतले सगळे तुमच्याकडेच का येतात उसने मागायला? शेजारच्या वकिलांकडे का जात नाहीत?" असंही तिनं विचारलं. याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आताही नाही.

इथे मला माझ्या गोपनीय अहवालांबद्दल बोललंच पाहिजे. ज्यांनी सरकारी किंवा बँकेची नोकरी केली नाही त्यांना ही चीज समजावणं अवघड आहे. दरवर्षी तुमचा साहेब तुमच्याबद्दल एक कागद लिहितो: स्वभाव कसा, हाताखालच्यांशी वागणं कसं, पुढच्या पदाला लायक की नाही. त्यावर तुमची बढती ठरते. आणि तो कागद तुम्हाला दाखवत नसत. अगदीच प्रतिकूल शेरा असेल तर कळवायचे, बाकी चिडीचूप. वर्षानुवर्षं तुमच्या स्वभावाचं वर्णन कुलपात साठत जायचं आणि किल्ली दुसऱ्याकडे असायची.

निवृत्तीनंतर मी माहिती अधिकाराखाली 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माझे जुने अहवाल मागवले. बरीच टोलवाटोलवी झाली, शेवटी झेरॉक्सचा गठ्ठा आला. एकाही साहेबानं वाईट लिहिलं नव्हतं! प्रामाणिक, मेहनती, सहकार्यशील, सौम्य, ग्राहकांत प्रिय. आणि सगळ्यांच्या शेवटी तेच शेपूट: दर्जा 'चांगला'. फक्त एकानं, ज्याच्याबरोबर मी रोज डबा खायचो त्यानं, एक ओळ जास्त घातली होती: 'वसुलीत धाक कमी.' एवढी वर्षं माझ्या डब्यातली थालीपीठं खाल्ली या माणसानं. एकदा तोंडानं म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?

बढत्या का हुकल्या ते तेव्हा कळलं. 'चांगला' हा शेरा चांगला नसतो. देव दत्त नावाच्या एका अभियंत्याचा खटला यावरच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सीमा रस्ते विभागात कार्यकारी अभियंता होते ते. अधीक्षक अभियंता व्हायला लागोपाठ पाच वर्षं 'अतिशय चांगला' हवा होता आणि 1993-94 साली कोणीतरी 'चांगला' लिहून ठेवलं. कळवलं नाही, कारण तो शेरा प्रतिकूल नव्हताच! बढती गेली. 12 मे 2008 ला न्यायालयानं निकाल दिला की शेरा वाईट असो, बरा असो, उत्तम असो, ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. आणि हे सार्वजनिक उपक्रमांनाही लागू आहे. पुढच्या वर्षी केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना पूर्ण अहवाल दाखवायचा आदेश काढला. देव दत्त तोवर निवृत्त झाले होते. मीही त्या सुधारणेआधीच निवृत्त झालो होतो.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचतो. बायको म्हणते, पोथी झालीय तुमची. पण बघा ना, टावर चौकात ऐकलं ते आणि कुलपातलं, दोन्ही एकच. दोन्हीकडे स्तुती, आणि त्या स्तुतीमुळेच माझी किंमत कमी झालेली. शिवी दिली तर माणूस प्रतिवाद करू शकतो. 'सीधे आदमी'वर कुठे अपील करायचं?

तसं बँकेच्या प्रशिक्षणात एकदा हे माझ्यापुढे येऊन गेलं होतं. फळ्यावर चार चौकटींची खिडकी काढून एका बाईंनी जोहरी खिडकी शिकवली. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोघांनी 1955 मध्ये मांडलेली. जो आणि हॅरी मिळून जोहरी. मी बराच वेळ समजत होतो की कोणी जौहरी आडनावाचे गृहस्थ असतील. एका चौकटीत तुमच्याबद्दल इतरांना दिसणारं, पण तुम्हाला न दिसणारं. विशेषणांच्या यादीतून मी स्वतःसाठी 'कणखर' निवडलं. बाकीच्यांनी माझ्या कागदावर 'दयाळू', 'मनमिळाऊ', 'लाजाळू' लिहिलं. मला वाटलं, जेवणानंतरचा तास आहे, पोरं कंटाळली आहेत.

मुलगी पुण्यात एका कंपनीत माणसं नेमायचं काम करते. तिच्याकडे प्रत्येकाबद्दल सहकारी, वरिष्ठ, हाताखालचे, सगळ्यांकडून मत मागवतात. ती म्हणते, बाबा, संशोधनही आहे यावर. सिमीन वझीर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2010 मध्ये दाखवलं की मनातली धाकधूक, काळजी माणसाला स्वतःला जास्त नीट कळते, पण आपण किती हुशार किंवा कल्पक, हे मित्रच जास्त बरोबर सांगतात. मी विचारलं, धाक कशात मोडतो? ती म्हणाली, धाक तर समोरच्याच्याच मनात असतो बाबा, तो तुम्हाला कसा मोजता येईल?

म्हणून माझा सल्ला असा आहे, की स्वतःबद्दल जाणून घ्यायचं असेल तर मित्रांना विचारू नका, ते डबा खातात. ज्याच्याकडून तुम्हाला काही येणं नाही आणि ज्याचं तुमच्याकडे काही काम नाही, त्याचं ऐका, तेही पाठमोरं. पण मग वाटतं, कशाला ऐका? मी धाक आहे समजून त्या जीपमधून उतरत होतो म्हणून तर उतरू शकलो. 1990 च्या कर्जमाफीनंतरचे दिवस होते ते. 10 हजारांपर्यंतची कर्जं माफ झाली आणि ज्यांची झाली नव्हती तेही म्हणू लागले, आज ना उद्या होतीलच. घट्टिया, तराना, कुठेही जा, कोणी दार उघडत नसे. म्हशीसाठी कर्ज दिलेलं असायचं आणि म्हैस मेली म्हणून विम्यासाठी कापलेला कान पुढे यायचा, त्याला पितळी बिल्ला लटकलेला. त्या कानाकडे बघून बिल्ल्याचा नंबर वहीतल्या नंबराशी ताडायचा आणि दुर्गंधीत उभं राहून विचारायचं, बाकी जनावर कुठे पुरलं, दाखवा. सीधा माणूस करील हे? मी केलंय.

आणि दुसरी गोष्ट, जी तो छपाईवाला मुलाला सांगायला विसरला. त्याचं खातं बुडालं नाही. दिलेल्या तारखेला नाही, पण पैसे आले, व्याजासकट आले, आणि खातं मी स्वतः बंद केलं. आमच्या शाखेतल्या त्या नावाजलेल्या कडक साहेबाची किती खाती बुडीत निघाली ते मी सांगत नाही. लोक त्याला बघून मागच्या दारानं शेतात पळायचे. माझ्यासाठी निदान चहा टाकायचे. मग म्हातारीला खरंच रडू येत होतं की नाही, याच्याशी बँकेला काय करायचंय?

हे मी परवा बायकोला ठासून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही सीधे वगैरे काही नव्हता. तुम्हाला पाचच्या आत घरी यायचं असायचं. म्हातारी रडली की तुमचंही काम झालं."

हे मात्र मला अजिबात मान्य नाही. जीप भाड्याची होती, आणि पाचनंतर तिचं भाडं वाढायचं.